मांजर्लीच्या यार्डातली टॉलर्टन

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्या टाकीवर पांढऱ्या खडूने फुली मारून तुमच्या माणसाने खाली 'बेवारस' असं लिहिलं, आणि ते तुमच्या सांगण्यावरून लिहिलं. मी बेवारस नाही. माझी माणसं तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसली होती. तुम्ही त्यांच्यासमोरून डबा खायला गेलात, त्यांच्यासमोरून परत आलात, आणि मग ही फुली मारायला सांगितलीत. याला चूक म्हणत नाहीत.

बालमित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी इंग्लिश मोटारसायकल आहे. वय शंभरीला टेकलंय, तेव्हा जरा तोंड सुटलं तर सांभाळून घ्या.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीच्या खालच्या अंगाला, नदीकडे, पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्यांचं एक यार्ड आहे. हे साहेब तिथलेच. तिथे मी उभी आहे. उभी कसली, कलंडलेली. माझ्या एका बाजूला पुढची काच फुटलेली रिक्षा आहे, दुसऱ्या बाजूला चाकं काढून नेलेला टेम्पो. माझं मागचं चाक चिखलात रुतलंय. नदी फुगली की यार्डात पाणी शिरतं, हे इथल्या कुत्र्यांनाही कळतं. ढग काळे झाले की ती भिंतीवर जाऊन बसतात. मला भिंतीवर चढता येत नाही. आणि पाण्यातून वाचले तरी सोमवारी भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार आहे. फुलीचा अर्थ तोच.

तुमचा पाय आखडल्यावर मुंग्या येतात ना? तशा मला सगळ्या अंगाला येतात. मला चालण्यासाठी बनवलंय. उभी राहिले की तेल तळाशी बसतं, पिस्टन सिलिंडरला चिकटायला बघतो, केबली आतून गंजतात. बाहेरच्या रस्त्यावरून कुणी गाडीला किक मारली की माझ्या आत काहीतरी उडी मारतं आणि तिथेच पडतं. चार महिने हेच चाललंय.

मला टॉलर्टन म्हणतात. हे नाव तुम्ही ऐकलं नसणार. इंग्लंडात कोव्हेंट्री गावी टॉलर्टन आडनावाचे दोन भाऊ सायकली बनवायचे. थोरला शांत, धाकटा उतावळा. धाकट्याने एकदा सायकलीच्या सांगाड्यात छोटं इंजिन बसवलं आणि भावाला न सांगता गावाबाहेरच्या चढावर नेलं. निम्म्या चढावर इंजिन बंद पडलं. पठ्ठ्या गाडी ढकलत घरी आला. त्या दिवसापासून कारखान्यात एक शिस्त पडली : तो चढ चढल्याशिवाय एकही गाडी विकायची नाही. पुढे पहिलं महायुद्ध आलं. कारखान्यात मोटारसायकलींऐवजी तोफगोळ्यांची टोपणं बनू लागली. धाकटा भाऊ लढाईवर गेला तो परत आलाच नाही. थोरल्याने चढाची शिस्त मात्र सोडली नाही.

युद्धानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला. एक सिलिंडर, चपटी लांब टाकी, पायाने मारायची किक, आणि वीज माझ्या पोटातच तयार होते, बॅटरी लागत नाही. मलाही त्या चढावर नेलं. मी चढले. वर पोचल्यावर मला नेणारा कामगार खाली उतरला, माझ्या इंजिनावर हात ठेवून त्याने थंडीत हात शेकले, मग मला उतरवून खरेदीदाराच्या हवाली केलं आणि स्वतः चालत घरी गेला. मला घडवणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी मोटारसायकल नव्हती. हे तुम्हाला शाळेच्या पुस्तकात सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. पुढे तिकडे मंदी आली, गाड्या विकल्या जाईनात, आणि टॉलर्टनच्या दाराला कुलूप लागलं. माझी कंपनी मेली. मी जगले.

मी तोवर बोटीने मुंबईला आले होते. एका गोऱ्या साहेबाकडे काही वर्षं राहिले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने मला घेतलं आणि कल्याणजवळच्या मोठ्या छावणीत आणलं. त्याच जागेला आज उल्हासनगर म्हणतात. म्हातारी माणसं अजूनही नुसतं 'कॅम्प' म्हणतात. तिथे गाड्या धुवायला जवळपासच्या खेड्यांतली माणसं ठेवली होती. त्यात रघु होता. फडकं घेऊन तो माझी एकेक तार पुसायचा. एकदा कुणी बघत नाही असं वाटून त्याने माझ्या सीटवर हात टेकला, टांग टाकणार तेवढ्यात मुकादम ओरडला, "ए, पुसायचं! बसायचं नाही!" मुकादम गोरा नव्हता. आपलाच होता. रघुला अडवायला त्याला इंग्रजाची गरज पडली नाही. रघुची जात त्याला पाठ होती.

लष्कर गेलं. माझ्या सांगाड्यावरचा नंबर तेव्हाच गंजाने खाल्ला होता, कारण दोन पावसाळे मी उघड्यावर होते. मग सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं छावणीच्या बराकींत राहायला आली. त्यातल्या एका कुटुंबाने मला पत्र्याखाली घेतलं, माझं इंजिन काढलं, त्याला पट्टा लावला आणि त्यावर पिठाची गिरणी चालवली. कोव्हेंट्रीचा चढ चढलेलं इंजिन ज्वारी दळू लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्यांच्या चुली माझ्यावर पेटल्या, ती माणसं सकाळी माझ्यावर पाण्याचा हात फिरवून मगच पट्टा चढवायची. पुढे वीज आली आणि इंजिनासकट मला कोपऱ्यात ढकललं.

रघुचा मुलगा किसन अंबरनाथच्या कारखान्यात फिटर झाला. रविवारी तो त्या गिरणीची दुरुस्ती करायला यायचा. गिरणीवाल्या शेठचा मुलगा टेकचंद त्याच्याच वयाचा. एके रविवारी काम संपलं, टेकचंदने मजुरी पुढे केली, तर किसन हात मागे घेऊन उभा.

"शेठ, मजुरी नको. ती कोपऱ्यातली गाडी द्या."

"वो? अरे साईं, वो तो लोहा है. क्या करेगा?"

"माझ्या बापाने ती पुसलीय. मला तिच्यावर बसायचंय."

टेकचंदने डोकं खाजवलं. "बैठ ना फिर. सोचता क्या है."

किसनने मला हातगाडीवर घालून अंबरनाथला वस्तीत नेलं, इंजिन सांगाड्यात परत बसवलं आणि मला त्याच्या नावावर रीतसर चढवून घेतलं. कागदावर माझ्या इंजिनाचा नंबर आला. तो नंबर तेव्हा इंजिनावर होता, हे लक्षात ठेवा.

किसनने एक रीत पाडली. वस्तीत जो कुणी दहावी पास होईल, त्याला माझ्यामागे बसवून अख्ख्या वस्तीला एक फेरी मारायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी निळा झेंडा लावून पुढे असायचेच, पण ती फेरी मला जास्त आवडायची. पहिली मुलगी बसली ती विठा. तिची आई दारातून ओरडली, "भावोजी, पोरगी पडंल हो!"

"वहिनी, इंग्रजीत पास झालीय, इंग्लिश गाडीची काय भीती?"

"आन् पदर नीट खोच गं! चाकात जाईल!"

विठाने पदर खोचला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, हळू नको. जोरात घ्या." त्यानंतर किती पोरं बसली त्याचा हिशोब मी ठेवला नाही. काही घाबरून डोळे मिटायची, काही हात सोडून ओरडायची. गल्लीतले लोक खुर्च्या बाहेर काढून बसायचे. नापास झालेली पोरं तेवढा वेळ घरात दडायची, आणि किसन मुद्दाम त्यांच्या दारासमोर हॉर्न वाजवून म्हणायचा, "पुढच्या वर्षी तयार राहा रे!"

मग किसनचे गुडघे गेले. त्याचा मुलगा महेंद्र बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागला आणि त्याने स्कूटर घेतली. मी घरामागे ताडपत्रीखाली गेले. माझ्या टाकीवर कोंबड्या बसायच्या. वालधुनी नदीचं पाणी चढलं की मी चाकांच्या आऱ्यांपर्यंत भिजायचे. किसन वारला तेव्हा मी दोन भिंतींपलीकडे होते आणि मला कुणी सांगितलं नाही. कोंबड्या ओरडल्या तेव्हा कळलं की घरात माणसं जमलीत.

बरोबर तेराव्या दिवशी भंगारवाला आला. किसनची बायको सरस्वती दारात उभी राहिली. "आमच्यात तेरावं नसतं, तवा तू कशाची वाट बघत होतास ते सांग. गाडीला हात लाव, मग तुझा काटा हितंच ठिवून जाशील." भंगारवाला काटा घेऊन पळाला.

पुढे साथ आली, सगळं बंद झालं, महेंद्रची कंपनीही. हाताला काम नाही, घरात बसवत नाही. एका सकाळी त्याने ताडपत्री ओढली. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबांची गाडी आहे, म्हणून शरम वाटायची मला. आता नाही वाटत." एवढंच. मग तो मला खोलू लागला. त्याची मुलगी माया नट भांड्यात काढून ठेवायची आणि कुठला कुठे लागतो ते भिंतीवर कोळशाने लिहायची. रस्ते उघडल्यावर माझे भाग उल्हासनगरात बनले. पिस्टन लेथवर, टाकी हातोडीने ठोकून, आणि सीट जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात. तिथल्या माणसाने काळ्या रेक्झिनवर पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई मारली, कारण त्याला दुसरी येतच नव्हती. माया हसून लोळली. "पप्पा, हिला आता मागे खिसेपण लावा!"

शेवटी इंजिन पॉलिशला गेलं. टेकचंद आता म्हातारा झाला होता आणि त्याने गिरणीच्या जागी बफिंगचा कारखाना टाकला होता. बफिंग म्हणजे कापडाच्या फिरत्या चाकावर धातू घासून चकचकीत करणं. किसनची गाडी म्हटल्यावर नोकराला न देता तो स्वतः चाकावर बसला. या गावात वस्तू जुनी दिसणं म्हणजे तिचा अपमान समजतात. टेकचंदने मला घासलं, परत घासलं, मग पातळ कापडाने घासलं. महेंद्र आणायला गेला तर इंजिनाचा आरसा झालेला.

"देख, कंपनी से भी अच्छा," टेकचंद म्हणाला. "इधर साइड में कुछ खुरचा हुआ था, वो भी निकाल दिया."

महेंद्रने इंजिनात तोंड बघितलं आणि केस विंचरले. दोघांच्याही डोक्यात आलं नाही की ते खुरचलेलं म्हणजे माझा नंबर होता. कोव्हेंट्रीत कुणीतरी ठोकलेले ते आकडे इतकी वर्षं पीठ, चिखल, पूर सोसून टिकले होते. ते प्रेमाने घासून काढले.

किसनच्या फेऱ्या मायाने पुन्हा सुरू केल्या. चौदा एप्रिलला मी पुन्हा पुढे होते. आणि त्याच महिन्यात, महेंद्र मला बदलापूरला घेऊन गेला असताना, नाक्यावर पोलिसाचा हात आडवा झाला. कागद दाखवले. कागदावर इंजिन नंबर आहे. इंजिनावर नाही. संपलं. चोरीचा संशय म्हणून मला इथे आणलं.

त्यानंतर महेंद्र दर आठवड्याला आला. त्याची आणि साहेबांची बोलणी माझ्यासमोरच झाली.

"ज्या कंपनीची गाडी आहे त्या कंपनीचं पत्र आणा."

"साहेब, ती कंपनी केव्हाच बंद झालीय."

"मग चालू कंपनीची गाडी घ्यायची."

साहेबांच्या आजूबाजूची माणसं हसली. महेंद्रही हसला, कारण हसलं नाही तर काम होत नाही असं त्याला नोकरीने शिकवलंय. मला ते हसणं गॅसकटरपेक्षा जास्त लागलं.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. वस्तीतली जिज्ञासा पास झाली. तिची आई चाळीत धुणीभांडी करते आणि पोरगी जिन्यात बसून अभ्यास करायची. निकालाच्या संध्याकाळी लोकांनी सवयीने खुर्च्या बाहेर काढल्या. गाडी नव्हती. महेंद्र म्हणाला, स्कूटरवर बस. ती म्हणाली, "नको काका. मी थांबते." जूनमध्ये तिचं कॉलेज सुरू झालं. ती अजून थांबलीय. हे मला मायाने सांगितलं, माझ्या हँडलवरचं पाणी पुसता पुसता.

गेल्या आठवड्यात सगळे एकदम आले. माया, महेंद्र, काठी टेकत सरस्वती, आणि पांढऱ्या पायजम्याला चिखल लागू नये म्हणून तो गुडघ्यापर्यंत धरलेला टेकचंद. सकाळपासून बाकावर बसले. दुपारनंतर आत बोलावलं, मग सगळे बाहेर यार्डात माझ्यापाशी आले.

टेकचंद म्हणाला, "साहब, नंबर मैंने घिसा. ग़लती मेरी. इनका कोई क़सूर नहीं."

"म्हणजे नंबर खोडला हे तुम्ही कबूल करताय? तो वेगळा गुन्हा आहे, शेठ. तुमच्यावर लागेल."

"लगाओ. लेकिन गाड़ी दे दो."

साहेबांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. सीटवरची पिवळी शिलाई बोटाने दाबली. "ही ब्रिटिश गाडी? जीन्सच्या शिलाईची? पिस्टन इथला, टाकी इथली, सीट इथली. उल्हासनगरचा माल आहे हा. डुप्लिकेट. ब्रिटिश काय राहिलंय हिच्यात?"

सरस्वती काठीवर रेलून ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, माझे दात पन हितल्याच डाक्टरनं बनवलेत. मी डुप्लिकेट हाय का?"

"आजी, कायद्याचं बोला."

"कायद्याचंच बोलतेय. हिचा आवाज ऐका. सगळी वस्ती वळखती तो आवाज."

"जप्त वाहन चालू करता येत नाही."

माया तोवर माझ्यापाशी वाकली होती. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बाटलीत पेट्रोल होतं. महेंद्र म्हणाला, "माया, नको." तिने टाकीत ओतलं, प्लग काढून ओढणीला पुसला, परत बसवला. शिपाई "ओ मॅडम, ओ मॅडम" करत आला, तर टेकचंद हातात धरलेला पायजमा चिखलात सोडून त्याच्या आडवा उभा राहिला. पहिल्या किकला मी नुसती खोकले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला माझ्या आतलं चार महिन्यांचं सगळं अडकलेलं एकदम सुटलं आणि मी पेटले.

मित्रांनो, माझा आवाज आताच्या गाड्यांसारखा नाही. एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. भिंतीवरची कुत्री उठली. कार्यालयातली माणसं खिडकीत आली. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत बायका ओले कपडे हातात धरून थांबल्या. सरस्वतीने डोळे पुसले नाहीत, काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. आणि साहेब, मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्या इंजिनावर हात ठेवलात. भाजेल इतकं तापलं नव्हतं अजून. तुम्ही हात ठेवून तसेच उभे राहिलात. तुमच्या चेहऱ्यावरचा साहेब तेवढा वेळ कुठेतरी गेला होता. मग शिपायाने तुमच्याकडे बघितलं, तुम्ही हात काढून रुमालाला पुसलात आणि म्हणालात, "बंद करा ते." मायाने बंद केलं.

दुसऱ्या सकाळी फुली आली.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं काही असेल तर ते वापरा. नुसतं घासून चमकवू नका, आणि नुसतं झाकूनही ठेवू नका. झाकलेली मी कोंबड्यांची झाले आणि चमकवलेली मी चोरीची झाले. माझं भलं फक्त पाठीवर माणूस बसला तेव्हाच झालं. आणि एखाद्या म्हाताऱ्याकडून प्रेमापोटी चूक झाली तर ती समजून घ्यायला शिका. तुम्हीही मोठे होऊन खुर्चीवर बसणार आहात.

आता पुन्हा तुमच्याशी, साहेब. पाणी माझ्या पाय ठेवायच्या दांडीला लागलंय. सोमवार जवळ आलाय. अजून सही व्हायची आहे, असं शिपाई काल फोनवर म्हणाला, म्हणजे ती तुमच्या हातात आहे. माझा नंबर गेला, हे मी मान्य करते. चोरीची तक्रार कुणाचीच नाही, हे तुम्ही मान्य करा. आणि मग मला गोलगोल नको, सरळ सांगा. त्या दिवशी तुम्ही माझ्या इंजिनावर हात ठेवलात, तेव्हा हाताखाली भंगार होतं का?

हो की नाही? बोला, साहेब.